सुनेच्या संगणकातली किलवर सत्ती

माझी बायको गेली तेव्हा लोकांनी मला खूप काही सांगितलं. एक म्हणाला देवाचं नाव घेत जा. दुसरा म्हणाला सकाळी चालायला जात जा. तिसऱ्याने तर गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं. बायको जाण्याचा आणि गुडघ्याचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. पण पत्त्याला चौथा माणूस कुठून आणायचा, हे कोणी सांगितलं नाही.

आमच्या घरी बदाम सत्ती चालायची. मी, बायको, मुलगा आणि सून. मुलाच्या कंपनीला सुट्टी असली की दुपारी ओट्यावर चटई टाकायची आणि बसायचं. ज्यांना हा खेळ येत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सगळी पानं वाटून टाकायची. ज्याच्याकडे बदामची सत्ती, तो ती टाकून डाव उघडतो. मग सत्तीच्या खाली छक्की, पंजी असं एक्क्यापर्यंत उतरायचं, आणि वर अठ्ठी, नव्वी असं राजापर्यंत चढायचं. बाकीच्या रंगांचंही तसंच. पण त्या रंगाची सत्ती आधी पडली पाहिजे. ती पडली नाही तर त्या रंगाची सगळी पानं हातात धरून उन्हात वाळत बसा. टाकायला पान नसेल तर पास म्हणायचं, असेल तर टाकायलाच पाहिजे. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला.

असेल तर टाकायलाच पाहिजे, हा नियम. माझी बायको हा नियम पाळत नसे.

किलवरची सत्ती तिच्या वाट्याला आली की ती दाबून बसायची. माझ्या हातात किलवरची रांग लागलेली असायची आणि ही पदराने वारा घेत म्हणायची, "पास."

"सत्ती तुज्याकडंच हाय गो."

"माज्याकडं? नाय बा."

"आमी तिगांनी पास दिला. मग काय ती डोंगरावर गेली?"

"पयला चा ठेवा. मग बगते, कुठं अडकली बिडकली असंल."

मी उठायचो. शिव्या देत उठायचो, पण उठायचो. मागच्या दारी तिने गवती चहाचं एक बेट लावलं होतं, त्याची दोन पाती तोडायची, चहा ठेवायचा. चार कप घेऊन बाहेर आलो की सत्ती चटईवर पडलेली असायची. "ही काय, पंजीच्या मागं लपली होती मेली," असं म्हणून ती पहिला कप उचलायची. ती घिवलीची. समुद्राकडची माणसं कबूल काही करत नाहीत.

ती गेल्यावर आम्ही तिघं एकदा बसलो. बावन्न पानं तिघांत वाटली तर एक पान उरतं. मुलगा म्हणाला, एखादं पान काढून ठेवू. कोणतं, ते काही ठरेना. मग शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला बोलावलं. पोरगा फार चांगला. बोईसरमध्ये सगळे बोलतात तसं हिंदी बोलतो. पण किलवर सत्ती हातात आली की लगेच टाकतो. मी म्हटलं, अरे थोडी दाब ना. तो म्हणाला, "चाचा, पत्ता है तो डालना पड़ेगा ना." त्याचं चुकलं काही नाही. पण एवढ्या सरळपणे खेळायचं तर पत्ते कशाला, देवळात जावं. मी पत्त्यांचा कॅट उचलला आणि दिवाळीच्या मिठाईच्या डब्यात टाकून दिला. डबा कपाटावर. तिथेच राहिला.

आमची सून सफाळ्याकडची. पोरगी हुशार, फक्त भात शिजवताना मोबाईल बघते. ती पालघरला संगणकाचा क्लास करत होती. शेवटी एक खेळ बनवून दाखवायचा असतो. तो सरांना पटला तर सर तिचं नाव एका ऑफिसात कळवणार होते. एक दिवस ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, "बाबा, मी बदाम सत्ती बनवतेय. नियम सांगा."

मी चौथी शिकलो. तीही पुरी नाही, परीक्षेच्या दिवशी आमची म्हैस हरवली होती. म्हटलं, पोरी, मला यातलं काय कळतं? ती म्हणाली, पत्त्यातलं तर कळतं ना. ते खरं होतं.

तिने मला समजावलं ते असं. संगणकात आधी साचे करायचे. त्याला ते लोक क्लास म्हणतात, पण ती शिकायला जायची तोही क्लासच, म्हणून मी आपला साचा म्हणतो. पानाचा एक साचा. त्याला रंग आणि आकडा दिला की पान तयार. कॅटचा साचा. खेळाडूचा साचा. त्यातून हवे तेवढे खेळाडू काढा. आमच्या इथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढतात तसंच. आणि आख्खा खेळ चालू करण्याआधी एकेका तुकड्याची वेगळी टेस्ट लिहायची. टेस्ट पास झाली की हिरवी रेघ, नापास झाली की लाल.

आणि गंमत म्हणजे टेस्ट आधी लिहायची. काम अजून केलेलंच नाही, त्यामुळे ती लाल येते. मग ती हिरवी होईपर्यंत काम करायचं. आधी नापास व्हायचं आणि मग शिकायचं, ही पद्धत माझ्या वेळी असती तर म्हैस हरवली तरी मी मॅट्रिकपर्यंत गेलो असतो.

पहिली टेस्ट, कॅटमध्ये बावन्न पानं आहेत का. हिरवी. दुसरी, पिसल्यावरही बावन्नच आहेत का. मी म्हटलं, पिसून जातील कुठे? ती म्हणाली, लिहिताना चूक झाली तर जातात. तिसरी, वाटल्यावर एकच पान दोघांकडे तर नाही ना.

"ही टेस्ट चांगली हाय," मी म्हटलं. "माजा मेव्हणा होता तवा पायजे होती."

मग मलाही सुचायला लागलं. "पान वाऱ्याने उडालं तर? त्याची टेस्ट लिही."

"उडत नाही बाबा. ते खरं पान नाहीये."

"पानावर चा सांडला तर?"

"नाही सांडत."

"कोणी पानावर बसला तर? तुजी सासू बसायची कधी कधी."

"बाबा, ते खरं पान नाहीये!"

"खरं नाय तर मग त्याच्या एवड्या परीक्षा कशाला घेते?"

तिने मला सांगितलं की तुम्ही बोला, फक्त पडद्याला बोट लावू नका. मी हात मागे बांधून बसलो. कंपनीत जुना साहेब तपासणीला यायचा तेव्हा असाच उभा राहायचो.

मग ती म्हणाली, आता तीन खेळाडूंची टेस्ट. सगळ्यांना सारखी पानं मिळाली पाहिजेत. तिने बटण दाबलं आणि लाल रेघ आली. प्रत्येकाला सतरा, आणि एक पान उरलं.

"बाबा, या एका पानाचं काय करायचं?"

मी रस्त्याकडे बघत बसलो. एमआयडीसीकडे जाणारा एक टँकर गेला, मग दुसरा गेला. मग मी म्हटलं, "चौथा खेळाडू कर."

"संगणकाचा? करता येईल."

"चौथी कर. तुजी आई कर. ती खेळायची तशी खेळली पायजे. मग मी डबा खाली काढतो."

तिने लॅपटॉप जवळ ओढला. सासूला ती आईच म्हणायची. मग म्हणाली, "करू. पण आई कशा खेळायच्या ते मला एकेक करून सांगायचं. आईंच्याही टेस्ट लिहायच्या."

माझ्या बायकोची कोणी परीक्षा घेतलेली तिला कधी खपली नाही. बोईसरच्या दवाखान्यात रक्त तपासायचं म्हटलं तरी भांडायची. पण आता ती बोलणार नव्हती. मी सांगायला बसलो.

पहिलं सांगितलं, पान असताना पास म्हणते. सुनेने तसं लिहिलं आणि आतापर्यंत हिरवी असलेली एक रेघ एकदम लाल झाली. कारण आधीच्या टेस्टमध्ये तिनेच लिहून ठेवलं होतं की टाकण्यासारखं पान असताना खेळाडू पास म्हणूच शकत नाही.

"बाबा, हे चालणार नाही. नियमाविरुद्ध आहे."

"नियमाविरुद्ध तर हायच. मी तुला तेच सांगतोय."

"पण टेस्ट फेल होतेय."

"मग टेस्ट बदल. बायको कशी बदलू?"

मुलगा पहिली पाळी करून आला होता, दारात बूट काढत होता. तो म्हणाला, "आई जिवंत होती तेव्हा तिला कोणी सुधारू शकलं नाही, आता हे दोघं बसलेत." आणि आत जाऊन जेवायला वाढून घेतलं. कोणी वाढलं नाही म्हणून दोन भांडी आपटली.

सुनेने पुढचं विचारलं. "बरं, आई किलवर सत्ती नेहमी दाबायच्या का?"

"नेहमी नाय. माज्याकडं किलवर जास्ती असली की दाबायची. तुमच्याकडं असली तर लगेच टाकायची."

"पण त्यांना कसं कळायचं तुमच्याकडे किलवर आहेत?"

"कळायचं. बायको होती."

"बाबा, संगणकाला असं सांगता येत नाही. कशावरून कळायचं?"

मी खरंच विचार केला. माझ्या तोंडावरून? कंपनीत माझं तोंड बघून कोणाला कधी काही कळलं नाही, तीन वेळा मला दुसराच समजून हजेरी लावली होती. मी म्हटलं, तिला दैवी होतं काहीतरी. सून म्हणाली, दैवीची टेस्ट लिहिता येत नाही, तुम्ही तो कॅट काढा, आपण दोघं खेळून बघू.

मी स्टुलावर चढून डबा काढला. झाकण उघडलं तर अजून तिच्या पदराला यायचा तसा वास आला. फोडणी आणि पावडर. मी मुद्दाम खोकलो. खोकलं की बरं पडतं, कोणी तोंडाकडे बघत नाही.

हा कॅट प्लॅस्टिकचा, जत्रेतून आणलेला, पाण्याने धुतला तरी चालणारा. पाठीवर फुलांची नक्षी. कितीतरी वर्षं झाली होती त्याला. मी कितीदा म्हटलं, नवा आणू, हा मळला. ती म्हणायची, हाच बरा हाय, शकुनाचा हाय. नवा आणलात तर चुलीत घालीन.

मी पानं पिसली, वाटली, हातात लावून घेतली. सून समोर बसली होती. ती माझ्या पानांच्या पाठीकडे टक लावून बघायला लागली.

"बाबा, तुमच्याकडे किलवरची पाच पानं आहेत. एकदम मागे लावलीत."

माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, हिच्यातही आलं की काय दैवी!

"पाठीवर निळे डाग आहेत," ती म्हणाली. "बोटांचे. किलवरच्या पानांवरच जास्त आहेत."

मी पानं उलटी केली. होते. फुलांच्या नक्षीत निळे निळे ठिपके, माझ्या बोटांच्या मापाचे. मी तारापूरला रंगाच्या कंपनीत होतो. निवृत्त होईपर्यंत तिथेच. हात कितीही घासले तरी नखांच्या कडेला आणि बोटांच्या टोकाला निळं राहायचंच. घाम आला की सुटायचं. माझे टॉवेल निळे, उशी निळी, एकदा भाचीच्या साखरपुड्यात मी पेढा भरवला तो निळा. आणि मला पहिल्यापासून सवय, पानं हातात लावताना किलवर नेहमी सगळ्यात मागे. म्हणजे बोटं टेकायची ती किलवरच्या पाठीवर. वर्षानुवर्षं मी माझीच पानं रंगवत होतो, आणि समोर बसून ती वाचत होती.

मी उठलो आणि आतल्या खोलीत तिच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. "चोर!" मी ओरडलो. "चोर कुठली! शकुनाचा कॅट काय गो? शकुनाचा?"

मुलगा तोंडात घास घेऊन धावत आला. त्याला वाटलं मला काहीतरी झालं. सुनेने त्याला पानं दाखवली. तो खाली बसला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला, मला त्याच्या पाठीत बुक्के घालावे लागले. "बाबा," तो म्हणाला, "मला तर आईने लहानपणीच सांगितलेलं. म्हणाली, बापाला बोललास तर बघ."

म्हणजे घरात मी एकटाच येडा. मी फोटोकडे बघितलं. हार जरा वाकडा झाला होता, तो सरळ केला. आणि मलाही हसू आलं. बायकोच्या फोटोसमोर मी हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सुनेला मात्र हसू येत नव्हतं. ती म्हणाली, आता दुसरी अडचण झाली. एका खेळाडूची पानं दुसऱ्याला दिसता कामा नयेत, ती साच्यात बंद ठेवायची असतात. त्याचीही टेस्ट आहे. आणि आईंना तर तुमची पानं दिसली पाहिजेत. तिने फक्त आईंच्या साच्याला एक चोरखिडकी ठेवली, माझ्या किलवरवर उघडणारी. आणखी एक लाल रेघ वाढली.

खेळ सरांना दाखवायचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ आली, ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "बाबा, आईंचा साचा काढावा लागेल बहुतेक. लाल टेस्ट घेऊन गेले तर सर परत पाठवतील. मी सरळ खेळणारी चौथी टाकते."

"सरळ खेळणारा शेजारी राहतो," मी म्हटलं. "फुकट हाय तो."

"मग मी काय करू? माझं ऑफिसचं काम यावर आहे."

पोरीचं खोटं नव्हतं. पण डबा मी खाली काढला होता. तो परत वर ठेवायला माझे हात वळेनात. मी म्हटलं, काढू नको अजून. उद्या मी येतो तुज्याबरोबर.

आमच्या बेटेगावहून आम्ही एसटीने पालघरला गेलो. मी धुतलेला सदरा घातला होता. त्यावरही निळं होतंच. क्लास एका गाळ्यात, खाली झेरॉक्सचं दुकान. सर म्हणजे काटकुळा पोरगा, माझ्या मुलाहून लहान. त्याने लॅपटॉप घेतला, बटण दाबलं. हिरवी, हिरवी, हिरवी, आणि मग दोन लाल.

"मॅडम, इथे बग आहे," तो म्हणाला. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक, हे मला एव्हाना कळलं होतं. "खेळाडूकडे पान असून पास देतोय."

"बग नाय सर," मी म्हटलं. "माजी बायको हाय."

गाळ्यातली सगळी पोरं वळून बघायला लागली. सरांनी सुनेला हळूच विचारलं, "हे कोण?"

"सासरे आहेत."

"बरं. आणि हा दुसरा बग? ही खेळाडू दुसऱ्याच्या पानात बघतेय."

"तोही तीच हाय," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. रंगाची कंपनी, निळी बोटं, शकुनाचा कॅट. कोपऱ्यातली एक पोरगी हसून हसून बाकाखाली गेली. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या आता...?"

"नाय. गेली."

त्यांनी एक खुर्ची ओढून माझ्याजवळ ठेवली. मला वाटलं, आता आणखी एक जण चालायला जा म्हणून सांगणार. ते म्हणाले, "काका, टेस्ट म्हणजे कायदा नसतो. आपण काय अपेक्षा ठेवतो, ते लिहून ठेवलेलं असतं. बाकी तिघांकडून अपेक्षा आहे की ते नियमाने खेळतील. त्यांची टेस्ट तशीच राहू दे. या खेळाडूकडून वेगळी अपेक्षा आहे. तर यांच्या टेस्ट वेगळ्या लिहा. यांनी पास दिलाच पाहिजे. सरळ खेळल्या, तर लाल."

एवढी साधी गोष्ट. मला तर पटकन पटली. सुनेने तिथेच बसून लिहिलं. दोन्ही रेघा हिरव्या झाल्या. म्हणजे माझी बायको लबाडी करते हे आता रीतसर तपासून पास झालं. पण सरांनी आख्खा डाव चालवला तर तो संपेचना. पडद्यावर आपलं पास, पास, पास, पास. चौघंही पास म्हणत बसले.

"बघा," सर म्हणाले, "यांनी सत्ती सोडलीच नाही तर डाव अडकतो. कधी सोडायच्या त्या?"

"चा ठेवला की."

"ते संगणकाला कसं कळणार? एक बटण देऊ. चहा ठेवला, असं. पण काका, एक सांगा. कधी असं झालं का, की त्यांनी सत्ती सोडलीच नाही? डाव तसाच मोडला?"

मी आठवायला लागलो. दुपारी आठवल्या, पावसातल्या, उन्हातल्या. आमची भांडणं झालेली आठवली. एकदा तर दोन दिवस अबोला होता आणि तरी आम्ही खेळत होतो, ती मुलाकडे बघून पास म्हणत होती. तिच्या पोटात दुखायला लागलं होतं तेव्हाचे शेवटचे डाव आठवले. उशीला टेकून बसायची, पानं धरायला बोटांत जोर नव्हता, तरी सत्ती दाबायची.

"नाय," मी म्हटलं. "शेवटी सोडायचीच. एकदाही अडवून मारलं नाय मला."

"मॅडम, ही टेस्ट लिहा," सर म्हणाले. "शेवटी सोडतेच."

तिने लिहिली. आधी लाल आली, रीतीप्रमाणे. मग तिने काहीतरी खाटखुट केलं आणि हिरवी झाली. मी चष्मा पुसला. गाळ्यात धूळ फार.

खेळ सरांना पटला. सुनेचं नाव त्यांनी ऑफिसात कळवलं. ती आता तिथे कामाला जाते, त्यामुळे भात मुलगा शिजवतो. तोही मोबाईल बघतो.

मुलाला सुट्टी आली त्या दुपारी आम्ही चटई टाकली. तिघांच्या हातात तिघांचे मोबाईल. चौथ्या बाजूला कोणी बसलं नाही, पण पाय पसरायला तिथे जागा असूनही कोणी पसरले नाहीत. पडद्यावर नाव लिहिलं होतं, आई. पानं वाटली. माझ्या हातात किलवरची अठ्ठी, नव्वी, गुलाम, राणी. बदाम चालू झालं, चौकट चालू झालं. किलवर बंद.

'आई: पास', असं आलं.

"दाबली!" मुलगा ओरडला. "बाबा, दाबली तिने!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आपलं पान कोणी अडवलं म्हणून एवढा खूश झालेला माणूस पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. खाली बटण होतं, 'चहा ठेवला'. मी ते दाबलं. सत्ती पटकन पडली.

मी मोबाईल चटईवर ठेवला. "हे चुकलं."

"काय चुकलं?" सून म्हणाली. "टेस्टप्रमाणे झालं सगळं."

"मी चा ठेवलाच नाय. नुसतं बटण दाबलं. ती अशी फसली नसती. लायटरचा आवाज आल्याशिवाय पदर हलायचा नाय तिचा."

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्हीच थापा मारल्या आणि तुम्हीच चिडता?"

"मारणारच थापा. मी तिला रोज मारायचो. तिला कळायच्या, म्हणून तर मारायचो."

सुनेने कपाळाला हात लावला. पण लॅपटॉप आणला, बटण काढून टाकलं. "मग कधी सोडायची?"

"तिच्या मर्जीने. कदी ते मला कळता कामा नये. पण सोडायचीच. ती टेस्ट काढू नको."

"ती नाही काढणार," ती म्हणाली.

परत वाटलं. दोन डाव सत्ती दुसऱ्यांकडे गेली. तिसऱ्या डावाला किलवर परत बंद पडलं. आई: पास. मी पास. मुलगा पास. सून पास. आई: पास. बटण नाही. आता काय करणार? मोबाईल मुलाकडे दिला, म्हटलं माझे पास तू म्हण. मी उठलो. गुडघे वाजले, तेलाचा काही उपयोग झालेला नाही. आत गेलो, लायटर तीनदा वाजवला, तिसरा जरा मोठ्यानेच. पातेलं ठेवलं. ती गेल्यापासून मी गॅसला हात लावला नव्हता, साखरेचा डबा सुनेने कुठे हलवला होता तो शोधायला लागला. चार कप भरले. चौथा भरल्यावर लक्षात आलं, पण भरला तो भरला. ताट घेऊन बाहेर आलो.

आई: पास.

"लटकलं वाटतं," मुलगा म्हणाला. "बंद करून चालू करू का?"

"हात लावू नको," मी म्हटलं. एक घोट घेतला. "लटकलं बिटकलं काय नाय. बरोबर हाय तिचं. गवती चा टाकायचा राहिला."

मी चारही कप परत पातेल्यात ओतले आणि मागच्या दाराने बाहेर गेलो. बेट नुसतं माजलं होतं. इतके महिने कोणी पातं तोडलं नव्हतं. वाळलेली पाती खाली लोंबत होती, मध्ये हिरवीगार. मी वाकून दोन तोडली, बोटाला चरा गेला. वास आला, नाकात गेला. मी तिथेच उभा राहिलो.

तेवढ्यात ओट्यावरून सुनेची हाक आली. "बाबा! सोडली! आईंनी सोडली! या लवकर, तुमचीच पाळी आहे!"

"थांबायला सांग तिला," मी ओरडलो. "पयला चा होऊ दे."